अठराव्या वाढदिवसाच्या आत ईगल स्काउट: पालकांनो, या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी एक बाबा आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा अतिशय गुणी. लहानपणापासून स्काउटिंगमध्ये. त्यातल्या सर्वोच्च पायरीसाठी, म्हणजे ईगल स्काउटसाठी, लागणाऱ्या २१ मेरिट बॅजपैकी (एकेका विषयातलं काम पूर्ण केल्याचे बिल्ले) २० झालेले, सेवेचा प्रोजेक्टही पूर्ण. फक्त फॅमिली लाइफ हा बॅज राहिला होता. "घरातलीच कामं आहेत ना, दोन शनिवारांत उरकेल," असं बाबा म्हणाले. त्या बॅजसाठी घरची नेमून घेतलेली कामं ९० दिवस करून त्यांची नोंद ठेवावी लागते. हे सगळं अठराव्या वाढदिवसाआधी संपावं लागतं, आणि मुलाच्या वाढदिवसाला उरले होते ७१ दिवस.

त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं स्काउटिंगमध्ये आहेत. २०१९ पासून मुलींचेही ट्रूप, म्हणजे स्काउटांच्या तुकड्या, आहेत. संस्थेचं नाव २०२५ मध्ये बदलून 'स्काउटिंग अमेरिका' झालं, पण शिखर तेच, ईगल स्काउट. १९१२ मध्ये पहिल्या मुलाला ते मिळालं. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग ईगल होते, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्डही होते. मी आमच्या ट्रूपच्या कमिटीवर काम करते, माझा स्वतःचा मुलगा या वाटेने गेला आहे. माझा अनुभव असा की पोहणं, चालणं, तंबूत राहणं यांपाशी मुलं सहसा अडत नाहीत. ती तारखांपाशी आणि कागदांपाशी अडतात. आणि बऱ्याचदा आम्हा पालकांपाशी.

उलटी मोजणी न करणं

बोर्ड ऑफ रिव्ह्यू, म्हणजे शेवटची मुलाखत, वाढदिवसानंतर झाली तरी चालते. बाकी सगळं अठरावा वाढदिवस येण्याआधी संपलेलं हवं. म्हणून मोजायचं ते शेवटाकडून. वरच्या पायऱ्या क्रमाने अशा: फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ, ईगल. लाइफ स्काउट झाल्यावर ईगलसाठी किमान ६ महिने सक्रिय राहावं लागतं. स्टार ते लाइफ ६ महिने, फर्स्ट क्लास ते स्टार ४ महिने. बेरीज १६ महिने. म्हणजे १६ वर्षं ८ महिने पूर्ण होईपर्यंत मूल फर्स्ट क्लास झालं नसेल तर गणित जुळतच नाही. आणि हे एकही दिवस वाया न घालवता. प्रत्यक्षात दिवस वाया जातात. परीक्षा येतात, आजारपणं येतात, आणि बारावीच्या पहिल्या सहामाहीत कॉलेजचे अर्ज सगळं घर व्यापून टाकतात.

एकूण बॅज २१ लागतात आणि त्यांतले बहुतेक सक्तीच्या यादीतले असतात. ही यादी अधूनमधून बदलते, तेव्हा दादाच्या वेळची यादी धाकट्यासाठी वापरू नका. या यादीतले काही बॅज अभ्यास करून आठवड्यात संपतात, काही मात्र कितीही हुशारी असली तरी आपल्याच गतीने चालतात. फॅमिली लाइफचे ९० दिवस. पर्सनल मॅनेजमेंटमध्ये १३ आठवडे जमाखर्च लिहायचा. पर्सनल फिटनेसमध्ये १२ आठवडे व्यायामाचा आराखडा पाळायचा. कॅम्पिंगला २० रात्री, आणि लांबच्या एका कॅम्पमधल्या जास्तीत जास्त सलग ६ रात्रीच त्यात धरता येतात. कुटुंबाबरोबर तंबूत काढलेल्या रात्री मोजत नाहीत, स्काउटिंगच्याच उपक्रमातल्या लागतात. हे न कळल्यामुळे किती पालकांचा हिशेब सहा-आठ रात्रींनी चुकलेला मी पाहिला आहे!

माझा सल्ला सरळ आहे: हे हळू चालणारे बॅज आठवी-नववीतच एकदम सुरू करा. तीन महिन्यांचा जमाखर्च, तीन महिन्यांची घरकामं आणि तीन महिन्यांचा व्यायाम एकाच वेळी चालू शकतो. फक्त काम हातात घेण्याआधी त्या बॅजच्या काउन्सेलरशी, म्हणजे काम तपासून सही करणाऱ्या व्यक्तीशी, बोलून घ्या. काही अटींमध्ये आराखडा आधी दाखवावा लागतो, आणि नंतर कळलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

एक खास आपल्या घरांतली गोष्ट. आपण उन्हाळ्यात सहा-आठ आठवडे भारतात जातो. जायलाच हवं, आजी-आजोबा वाट बघत असतात. पण त्याच दिवसांत समर कॅम्प असतो आणि मुलाच्या ट्रूपमधल्या जबाबदारीच्या पदाचा काळही चालू असतो. तिकीट काढण्याआधी मुलाने स्काउटमास्टरशी, म्हणजे ट्रूप चालवणाऱ्या मोठ्या माणसाशी, बोलावं. दरवर्षी नाही, पण निदान दोन उन्हाळे कॅम्पसाठी मोकळे ठेवता आले तर बघा.

मुलाचं काम आपण करणं

यात माझीही चूक झाली. मुलाने काउन्सेलरला मेल पाठवायला तीन आठवडे लावले, तेव्हा न राहवून मीच मेल लिहिला. उत्तर मला आलं, पुढची वेळ मी ठरवली, त्याला गाडीतून मीच नेलं. बॅज मिळाला. पण पुढच्या बॅजच्या वेळी तो माझ्याकडे बघत बसला, आई कधी मेल लिहिते याची वाट बघत. मी त्याला तेच शिकवलं होतं.

मेल मुलानेच लिहायचा, त्यात तुमचा पत्ता कॉपीला ठेवायचा. मोठ्या माणसाने मुलाशी एकट्याने संपर्क ठेवायचा नाही, प्रत्यक्ष नाही आणि ऑनलाइनही नाही, हा स्काउटिंगचा सुरक्षेचा नियमच आहे. तुमचं नाव कॉपीला असलं की नियम पाळला जातो, काय चाललंय ते कळतं, आणि तुम्हाला काही लिहावं लागत नाही. मूल टाळाटाळ करत असेल तर शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "आज कोणाला मेल जायचाय?" इतकंच. मसुदा सांगू नका. पहिला मेल ओबडधोबड जाईल, जाऊ दे. दहाव्या मेलला मूल मोठ्या माणसाशी नीट बोलायला शिकलेलं असतं.

कुकिंग बॅजचंही तसंच. फोडणी आई देते, मुलगा ढवळतो, फोटो त्याचा निघतो. यादी, खरेदी, शिजवणं, भांडी, सगळं त्याच्याकडे सोपवा. एकदा करपलं तर करपलेलं जेवा.

कोणीही ओळखीचं माणूस काउन्सेलर समजणं

शेजारचे काका पट्टीचे पोहणारे असतील. पण त्या बॅजसाठी संस्थेकडे नोंदणी आणि मान्यता नसेल तर त्यांची सही चालत नाही. काउन्सेलरचं नाव स्काउटमास्टरकडून घ्या. कॅम्पमध्ये अर्धवट राहिलेल्या बॅजची निळी कार्डं (झालेल्या कामाची नोंद असलेली) जपून ठेवा. अठरावा वाढदिवस सोडला तर अर्धवट कामाला मुदत नसते, त्यामुळे 'वर्ष झालं, आता पहिल्यापासून करा' असं कोणी म्हटलं तर नम्रपणे अधिकृत नियमावली दाखवा. अटी वाढवायचा अधिकार कोणाला नाही, तसाच कमी करायचाही नाही.

पूर्ण झालेलं प्रत्येक कार्ड, पदाची प्रत्येक तारीख फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा. ईगलच्या अर्जावरच्या तारखा काउन्सिलकडच्या, म्हणजे संस्थेच्या स्थानिक कार्यालयाकडच्या, नोंदींशी ताडून पाहतात. चार वर्षांपूर्वीची एक तारीख जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो, आणि तेव्हाचा काउन्सेलर दुसऱ्या राज्यात राहायला गेलेला असतो. हे फोल्डर पालकांनी सांभाळलं तर मला काही वावगं वाटत नाही.

चुकीचं पद

लाइफ झाल्यानंतर ६ महिने जबाबदारीचं पद सांभाळावं लागतं, आधीचं मोजत नाही. असिस्टंट पेट्रोल लीडर (पेट्रोल म्हणजे ट्रूपमधला छोटा गट) हे पद यात धरत नाहीत, आणि ब्यूगलर, म्हणजे बिगुल वाजवणारा, स्टार-लाइफला चालतो पण ईगलला चालत नाही. क्वार्टरमास्टर, स्क्राइब, ट्रूप गाइड, डेन चीफ अशी बरीच पदं चालतात. सीनियर पेट्रोल लीडरच, म्हणजे ट्रूपमधल्या मुलांचा प्रमुखच, व्हायला हवं असा हट्ट नको.

प्रोजेक्ट: सगळ्यात जास्त अश्रू इथेच

सर्व्हिस प्रोजेक्ट धार्मिक संस्थेसाठी, शाळेसाठी किंवा समाजासाठी करता येतो. मंदिरासाठी केला तर पूर्णपणे चालतो. चपला ठेवायची मांडणी, मागच्या अंगणात भाजीचे वाफे, अन्नछत्राच्या कोठीत फळ्या, असे साधे प्रोजेक्ट उत्तम होतात. स्काउटिंगच्या स्वतःच्या उपयोगाचं काम, एखाद्या व्यवसायाच्या फायद्याचं काम, किंवा नुसतं पैसे गोळा करणं हा प्रोजेक्ट होऊ शकत नाही.

पहिली मोठी चूक म्हणजे सह्यांआधी काम सुरू करणं. प्रपोजलवर चौघांची मान्यता लागते: ज्यांच्यासाठी काम आहे ती संस्था, स्काउटमास्टर, ट्रूप कमिटी आणि काउन्सिल किंवा डिस्ट्रिक्ट (काउन्सिलचा उपविभाग). चारही झाल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही. लाकूड स्वस्त मिळतंय, मित्र या शनिवारी मोकळे आहेत, हवा छान आहे, असा मोह होतो. एका मुलाने अशीच बाकं बनवली, फार सुबक बनवली, आणि त्याला दुसरा प्रोजेक्ट शोधावा लागला.

दुसरी चूक प्रपोजल फुगवण्याची. पन्नास पानांचा अहवाल कोणी मागितलेला नसतो. काम करण्याजोगं आहे का, सुरक्षेचा विचार झाला आहे का, पुढच्या नियोजनाची पावलं दिसतात का, मुलाला नेतृत्वाची संधी आहे का, हे प्रपोजलमधून दिसलं की झालं. इंजिनिअर बाबांनी काढलेली संगणकावरची त्रिमिती रेखाचित्रं बघून कमिटी खूश होत नाही, तिला शंका येते. कागदावर हाताने काढलेलं, मापं लिहिलेलं चित्र पुरे. खरं बारीक नियोजन मान्यतेनंतर होतं आणि ते केल्याशिवाय कामाच्या दिवशी स्क्रू कमी पडतात. अनेक ठिकाणी प्रोजेक्ट कोच मिळतो, मुलाने तो आवर्जून मागावा.

तिसरी, माझ्या मते सगळ्यात खोल चूक: मूल स्वतःच राबतं. आपल्या मुलांना काम सांगण्याचा संकोच असतो, दुसऱ्याला सांगण्यापेक्षा स्वतः करणं त्यांना सोपं वाटतं. पण इथे तपासतात ते नेतृत्व. त्याच्याखेरीज किमान दोघांनी त्याच्या हाताखाली काम केलेलं असावं लागतं. तासांची किमान अट नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. दोनशे तास एकट्याने घासलेल्या मुलापेक्षा आठ जणांना कामं वाटून देऊन, चुकलेलं पुन्हा करून घेऊन, वेळेवर पाणी आणि जेवण बघणारा मुलगा या अटीच्या जास्त जवळ असतो. कामाच्या दिवशी बाबांनी हातोडा घ्यावा, पण मुलाने सांगितलेल्या जागीच ठोकावा. "अरे असं नाही, दे इकडे" हे वाक्य त्या दिवशी घरी ठेवून या.

पैशांचं थोडं सांभाळा. मुलाचे स्वतःचे, नातेवाइकांचे, ट्रूपमधल्या पालकांचे किंवा लाभार्थी संस्थेचे पैसे असतील तर वेगळी परवानगी लागत नाही. बाहेरून, विशेषतः ऑनलाइन, गोळा करायचे असतील तर आधी काउन्सिलची मान्यता घ्यावी लागते. उरलेले पैसे लाभार्थी संस्थेकडे जातात. आणि चेनसॉसारखी यंत्रं १८ वर्षांखालच्या मुलांच्या हातात द्यायची नाहीत, कितीही सराव असला तरी.

काम चालू असताना काही बदललं, जागा बदलली, लाकूड मिळेना, तर घाबरायचं कारण नाही. मुलाने लाभार्थी संस्थेशी आणि स्काउटमास्टरशी बोलून पुढे जावं आणि अहवालात तो बदल लिहावा. अडचण न आलेला प्रोजेक्ट मी तरी पाहिलेला नाही.

अर्ज आणि मुलाखत

शिफारशीसाठी ज्यांची नावं द्यायची त्यांना मुलाने आधी विचारावं. त्यांची उत्तरं मिळवण्याची जबाबदारी मात्र मुलाची नाही, आणि एखाद्याने उत्तर दिलं नाही म्हणून मुलाला नाकारता येत नाही. आयुष्याच्या ध्येयाविषयीचं निवेदन मुलानेच लिहायचं. कॉलेजच्या अर्जाचा निबंध त्यात चिकटवू नका. समोरची माणसं ओळखतात.

बोर्डात तीन ते सहा जण असतात. पालकांना किंवा त्या मुलाच्या स्काउटमास्टरला त्यात बसता येत नाही. ही पुन्हा परीक्षा नसते, गाठी मारून दाखवायला सांगत नाहीत. घरी शंभर प्रश्नोत्तरं पाठ करून घेतलेली मुलं तिथे अडखळतात. त्याऐवजी आदल्या आठवड्यात जेवताना विचारा, प्रोजेक्टमध्ये तुला सगळ्यात अवघड काय गेलं? आणि ऐका.

उशीर झालाच असेल तर

आधी दिवस मोजा, फॅमिली लाइफचे ९० आणि पर्सनल मॅनेजमेंटच्या १३ आठवड्यांचे ९१ हे आकडे समोर ठेवा. ९० च्या वर असाल तर आजच, या मिनिटाला, हळू चालणारे बॅज सुरू करू द्या. प्रोजेक्टसाठी लहान, जवळची, पटकन निर्णय देणारी संस्था शोधा. एखाद्या मोठ्या संस्थेची एक सही यायला कधी कधी दीड महिना जातो.

मुलाच्या हाताबाहेरचं काही गंभीर घडलं असेल, मोठं आजारपण किंवा मोठ्यांनी दिलेली चुकीची माहिती, तर काउन्सिलकडे मुदतवाढ मागता येते. नेहमीच्या शाळा-खेळांच्या व्यापासाठी ती मिळत नाही. लाइफ स्काउट असतानाच, वाढदिवसाच्या आधी अर्ज करा आणि कागदपत्रं सोबत जोडा. ज्या मुलांना कायमस्वरूपी अपंगत्व किंवा विशेष गरजा आहेत त्यांच्यासाठी वयाच्या अटीपलीकडे नोंदणीची वेगळी सोय आहे. तिच्याबद्दल स्काउटमास्टरशी लवकर बोला, सतराव्या वर्षापर्यंत थांबू नका.

त्या रविवारच्या मुलाचे ७१ दिवस आम्ही तिघांनी कॅलेंडरवर दोनदा मोजले. मग त्याने वही उघडली, आपल्या नवव्या इयत्तेतल्या धाकट्या बहिणीचं नाव वर लिहिलं आणि तिच्यासाठी ९० दिवसांचा तक्ता आखायला घेतला. तिचा फॅमिली लाइफ गेल्या वर्षी झाला.