कॉक्लिअर इम्प्लांटनंतर घरी होणाऱ्या या चुका टाळा

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्या मुलाला ऐकू यावे म्हणून शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र, असलेले मूल एकाएकी हाकेला ओ देईनासे झाले की घरातले लोक बहुधा दोनच निष्कर्ष काढतात: मूल हट्ट करते आहे, किंवा शस्त्रक्रिया फसली आहे. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे संकेत डोक्यावर चुंबकाने चिकटणाऱ्या कॉइलमधून त्वचेखालच्या भागाकडे जातात आणि आंतरकर्णात बसवलेले इलेक्ट्रोड श्रवणचेतेला विजेचे सूक्ष्म स्पंद देतात. या साखळीतला आतला भाग क्वचितच बिघडतो. बिघाड बहुतेक वेळा बाहेरच्या बॅटरीत, केबलमध्ये, कॉइलमध्ये किंवा माइकमध्ये असतो. म्हणून मुलावर रागावण्याआधी बॅटरी बदलून पाहावी, मग जवळची जादा केबल लावून पाहावी.

रोज सकाळी यंत्र लावल्यावर मुलाच्या मागे उभे राहून, ओठ दिसू न देता, आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी नेहमीच्या आवाजात म्हणावेत. काल ‘स’ला प्रतिसाद देणारे मूल आज देत नसेल, तर माइकच्या झाकणात धूळ किंवा घाम अडकल्याची शंका आधी घ्यावी. समोर बसून ही चाचणी घेण्यात अर्थ नाही, कारण मुले ओठांवरून फार चटकन ओळखतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचा विचार वेगळा करावा लागतो. पारा 45 अंशांपुढे गेल्यावर कूलर बंद ठेवा असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच्या ओलसर हवेत रात्रभर उघडा ठेवलेला प्रोसेसर दमट होतो, त्यामुळे तो पुसून ड्राय बॉक्समध्येच ठेवावा आणि त्यातील सिलिका जेलचा रंग बदलला की ते वेळेवर बदलावे. दुसरा त्रास आवाजाचा आहे. कूलरच्या घरघरीत आईचे शब्द बुडून जातात आणि ‘मूल शिकतच नाही’ अशी तक्रार सुरू होते. सरावाच्या अर्ध्या तासापुरता कूलर आणि टीव्ही बंद करून मुलाजवळ बसावे. तेवढ्याने किती फरक पडतो, हे पालकांनी स्वतः पाहावे. प्रोसेसर किंवा बॅटरी उन्हात उभ्या गाडीत अथवा स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नये. झिंक-एअर बॅटरी हवेतील ऑक्सिजनवर चालते, म्हणून स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून ती बसवावी. स्टिकर पुन्हा चिकटवून ती टिकत नाही.

जावळ काढल्यानंतरची एक अडचण कोणी आधी सांगत नाही. केस दाट असताना कॉइल पडते म्हणून जास्त ताकदीचे चुंबक घेतलेले असते. केस उतरले की तेच चुंबक त्वचेवर दाबून बसते, तिथे लाली येते आणि दुर्लक्ष झाल्यास जखम होऊन यंत्र काही आठवडे बंद ठेवावे लागते. कॉइलखालची त्वचा रोज पाहावी आणि लाली दिसताच ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) चुंबक बदलून घ्यावे.

मॅपिंग, म्हणजे मुलाला नीट ऐकू येईल अशा विजेच्या मात्रा यंत्रात जुळवून घेण्याची भेट, चुकवणे ही चूक मी दोष देऊन सांगत नाही, कारण गडचिरोली-गोंदियाहून नागपूरला येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे आहे. तरीही पहिल्या वर्षात विजेच्या मात्रा वारंवार जुळवाव्या लागतात, तेव्हा मॅपिंग आणि स्पीच थेरपी एकाच दिवशी मागून घ्यावी. मोठ्या आवाजाला मुलाचा डोळा किंवा गाल फडफडत असेल, तर चेहऱ्याच्या चेतेला स्पंद पोहोचत असण्याची शक्यता असते. हे आवर्जून सांगावे, बहुतेकदा ते मॅप बदलून आटोक्यात येते. स्विच ऑन झाल्याबरोबर, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर यंत्र पहिल्यांदा सुरू केल्याबरोबर, मूल बोलेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण ऐकण्याचे वय त्या दिवसापासून मोजायचे असते.

वैद्यकीय बाबतीत दिरंगाई अजिबात नको. न्यूमोकोकल लस वेळेवर घ्यावी, आणि तापासोबत मान आखडली, उलट्या झाल्या किंवा कान वाहू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण मेंदूज्वराचा धोका या मुलांना अधिक असतो. एमआरआय, विजेवर चालणारे फिजिओथेरपीचे शेक किंवा दातांचे लहानसे ऑपरेशन, यांपैकी काहीही करण्यापूर्वी इम्प्लांटचे कार्ड दाखवावे. त्या कार्डाचा फोटो घरातील प्रत्येक मोठ्या माणसाच्या मोबाइलमध्ये असावा, आजी-आजोबांच्याही.