आहेर माळ्यावर का जातो? या चुका टाळा

आमच्याकडे स्टीलची एक वाटी आहे. मामाच्या मुंजीत आत्याआजीने दिलेली. कडेला ठिपक्याठिपक्यांनी त्याचं नाव कोरलंय आणि पुढे '१९७८'. मामाला नातू झाला, वाटी अजून रोज आमटीला निघते. त्याच घराच्या माळ्यावर दोन लेमन सेट, भिंतीवरची तीन घड्याळं आणि काचेच्या पेटीतला एक ताजमहाल आहे. कोणी दिले ते आता आठवतही नाही. वाटी काही महाग नव्हती. पण ती देणारीला ठाऊक होतं की या घरात माणसं वाढतायत आणि पंगतीला वाट्या कमी पडतायत.

प्रसंग बघून घेणं, घर न बघता

वास्तुशांत म्हटली की गणपती, हे समीकरण कोणी बसवलं कोण जाणे. कोथरूडला एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला आम्ही रात्री खोकी उघडायला बसलो, तर अकरा गणपती निघाले. एक झोपाळ्यावर, एक तबला वाजवणारा, एक चक्क लॅपटॉपवर. देव्हाऱ्यात एक बसतो, शोकेसमध्ये दोन. बाकीच्यांचं काय करायचं? देव टाकवत नाही आणि दुसऱ्याला द्यायला मन धजत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे: समोरच्याला टाकताही येणार नाही आणि वापरताही येणार नाही, अशी वस्तू त्याने मागितल्याशिवाय द्यायची नाही. देवाच्या मूर्ती यात पहिल्या, त्यांचे फोटो छापलेल्या फ्रेमा दुसऱ्या.

नव्या घरात खरी अडचण वेगळीच असते. पडदे लावायला शिडी नसते, प्लगपाशी वायर पोचत नाही, दारात पायपुसणं नसतं. आम्ही एकदा घडीची शिडी नेली. बायको वाटेत तीनदा म्हणाली, 'हे काय न्यायचं असतं का?' पुढची दोन वर्षं त्या मजल्यावरचे चारही बिऱ्हाडकरू तीच शिडी मागून नेत होते. आणि सामान हलवायच्या दिवशी पोळीभाजीचा डबा पोचवलात, तर वास्तुशांतीला रिकाम्या हातांनी गेलात तरी कोणी नाव ठेवणार नाही.

ओळख कमी, तरी वस्तूचाच हट्ट

जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की नाताळात मिळालेल्या वस्तूंची भावना बाजूला ठेवून तुमच्या लेखी किंमत किती? देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा ती दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरली. नातं जितकं लांबचं, तितकी घट जास्त. म्हणजे पाचशेची नोट घालून वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट देणारे आपले लांबचे काका अडाणी नव्हेत. माणूस नीट माहीत नसेल, तर पाकीटच द्या.

संक्रांतीचं वाण

यात मला सगळ्यात जास्त बोलायचंय. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तुळशीबागेत आणि बोहरी आळीत डझनाच्या भावाने जे घेतलं जातं, ते आठवून बघा. झाकण न बसणारे डबे, चाळणीच्या आकाराचं काहीतरी, इवलीशी किसणी. दहा घरी हळदीकुंकू म्हणजे दहा वस्तू. आता सुगडात काय असतं ते बघा: ऊस, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तीळ. सगळं खाऊन संपणारं. उरलंच तर मातीचं सुगड. आपल्या आज्यांना वाण कळत होतं, आपण त्याला प्लास्टिक चिकटवलं. हिंगाची डबी, फुलवाती, कापूर, गुळाची छोटी ढेप, कोथिंबिरीचं बी, काहीही लुटा. महिन्याभरात संपलं पाहिजे एवढंच.

अनुभव दिला, पण न्यायचं कोण?

हल्ली 'वस्तू नको, अनुभव द्या' असं म्हणतात. बरोबर आहे, पण यातही फसायला होतं. मी वडिलांच्या एका मित्रांना पंचाहत्तरीला 'सवाई' संगीत महोत्सवाचं सीझन तिकीट दिलं. डिसेंबरातली थंडी, रात्री घरी परतायचं आणि तिकीट भारतीय बैठकीचं! त्यांचे गुडघे मला माहीत असायला हवे होते. एक दिवस गेले, दुसऱ्या दिवसापासून पुतण्याने गाणं ऐकलं. त्यानंतर शहाणपण आलं. आता बालगंधर्वच्या दुपारच्या प्रयोगाची तीन तिकिटं काढतो: दोन त्यांची, एक माझं. रिक्षाने घरून नेणं आणि मध्यंतरातला बटाटेवडा त्यातच धरलेला.

पुस्तक देताना आतल्या पानावर शाईने लिहू नका, चिठ्ठी घाला. अप्पा बळवंत चौकातून घेतलंत तर बिल पुस्तकात ठेवा. तेच पुस्तक घरात असेल, तर बदलून मिळतं का ते तरी विचारता येईल. झाड द्यायचं तर बाल्कनीत ऊन येतं का, ते विचारा. आणि पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असेल, तर खरंच आणू नये. बुकेही आहेरच असतो.

आधीच आलेल्या खोक्यांचं काय?

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे अशा वस्तूंची खरी किंमत कळते, थोडं मन घट्ट करून जा. कामाला येणाऱ्या मावशींना द्यायचं असेल, तर आधी विचारा. आम्ही न विचारता लेमन सेट पुढे केला होता. मावशींनी खोक्याकडे पाहिलं न पाहिलं आणि म्हणाल्या, 'ताई, पाच घरची कामं करते मी. तीन लेमन सेट झालेत आमच्याकडं. कुकरची रिंग जादा असेल तर ती द्या.'