रेझोनेटर काढून इंटेकचा आवाज मोकळा करताना

‘उघडा फिल्टर लाव, गाडी गरजेल’ हा सल्ला ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. गरजते खरी, पण तो फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि उन्हात गाडीची ओढ जाते. फिल्टरच्या डब्याला ड्रिलने भोकं पाडणारे तर त्याहून थोर. मूळ डबा राहू द्या, इंटेकवरचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवरचा, फक्त रेझोनेटर काढा.

इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात तेव्हा नळीतल्या हवेत लाटा उठतात आणि उलट्या फिरून तोंडातून बाहेर येतात. इंटेकचा आवाज म्हणतात तो हाच. नळीला चिकटलेला बंद प्लास्टिकचा डबा म्हणजे रेझोनेटर. रिकाम्या बाटलीवर फुंकर मारली की तिचा एक ठरलेला सूर निघतो, तसा यालाही सूर असतो आणि त्या पट्टीतली घरघर तो गिळून टाकतो. फरक पेट्रोल गाडीत कळतो. डिझेलचा खडखडाट मुळात ज्वलनाचा, तिथे हा खटाटोप करू नका.

इंजिन गार असताना क्लॅम्प सैल करा, नळी उतरवा, रेझोनेटर ओढून काढा. दहा मिनिटांचं काम.

आता उरतं ते भोक, आणि सगळी गोम तिथेच आहे. ते फिल्टरच्या आधी असेल तर फारशी चिंता नाही. फिल्टरनंतर असेल तर धूळ थेट इंजिनात जाते. आणि मॅफ सेन्सरनंतर (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) असेल, तर तिथून शिरणारी हवा सेन्सर मोजतच नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मोजलेल्या हवेपुरतंच पेट्रोल सोडतो, मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आयडलिंग वरखाली होतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर बहुतेक वेळा पी 0171 हा लीन मिश्रणाचा कोड दिसतो. (मॅफ नसून हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर मिश्रण बिघडत नाही. धूळ मात्र जातेच.)

पहिल्या वेळी मी त्या भोकावर टेप गुंडाळली होती. उष्णतेने गोंद पाघळला, टेपची कड सुटली आणि गाडी सिग्नलला आचके देऊ लागली. मी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) साफ केली, सेन्सरला शिव्या घातल्या. तीन आठवडे गेले. म्हणून सांगतो, टेप नको, एम-सील नको. भोकाच्या मापाची जाड सिलिकॉनची टोपी घ्या, ती कडेच्या उंचवट्यापलीकडे पूर्ण सरकवा आणि क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसवा, वर नाही. क्लॅम्प आतून गुळगुळीत हवा. खाचांचा पट्टा सिलिकॉन कापतो. सिलिकॉन किंचित दबलं की थांबा. जोर लावून आवळलेला क्लॅम्पच पुढे गळतो.

त्याच नळीला इंजिनाच्या ब्रीदरची (आतली वाफ बाहेर काढणाऱ्या वाटेची) बारीक होज असते. ती घाईत जोडायची राहते आणि लक्षणं हुबेहूब तीच दिसतात.

फिल्टर कापडी असेल तर तेल हात राखून लावा. जादा तेल मॅफच्या तारेवर बसतं.

नळी परत चढवा, गाडी सुरू करा. उभ्या गाडीत फरक ऐकू येणार नाही. रस्ता मोकळा असताना 3000 आरपीएमच्या वर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ऐका. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर सिलिकॉन बसतं, तेव्हा क्लॅम्प एकदा पुन्हा तपासा. काढलेला रेझोनेटर फेकू नका. लांबच्या प्रवासात एकाच वेगावरची ती घरघर डोकं उठवते, मी दोनदा परत बसवलाय.