रेंडर लावला की सीपीयू 95 डिग्रीवर जातोय? आधी वॅट बघा

ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावला (म्हणजे सीनचं अंतिम चित्र बनवायला टाकलं) आणि दोन सेकंदात सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, 50 डिग्रीवरून थेट 95, पोटात गोळाच येतो ना. माझंही असंच झालं होतं, एएमडी कंपनीचा रायझन 7 7700एक्स घेतला तेव्हा. तर या चिपला जड कामात 95 दिसणं म्हणजे बिघाड नाही. 2022 मध्ये रायझन 7000 आले तेव्हाच एएमडीनं सांगून ठेवलं होतं की हे प्रोसेसर फुल लोडवर 95 पर्यंत जाणार, तसेच बनवलेत. आधीचे प्रोसेसर साधारण ठरलेल्या स्पीडला चालायचे, कूलर भारी असला की थंड राहायचे. आताचे तसं करत नाहीत, वाव मिळतोय तोवर स्पीड वाढवत बसतात आणि टेम्परेचर, वॅट, करंट यातली जी मर्यादा आधी आडवी येईल तिथं थांबतात.

आणि एवढ्या झटक्यात कसं काय तापतं? आठही कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, ज्या तुकड्यावर आहेत तो जेमतेम 70 चौरस मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा, आणि त्यातून शंभरच्या वर वॅट बाहेर काढायचेत. जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब चालू असताना हात लावलाय कधी? इथं तीच उष्णता नखाएवढ्या जागेत. ती आधी वरच्या धातूच्या टोपीतून, मग टोपी आणि कूलरच्या मधल्या थर्मल पेस्टमधून, मग कूलरमध्ये जाणार, आणि ही टोपी जरा जाडच ठेवलीय कारण एएम4 या आधीच्या सॉकेटचे जुने कूलर बसायला हवे होते. म्हणून कूलर हाताला गार लागतो आणि स्क्रीनवर मात्र 95.

आता तपासायचं कसं. एचडब्ल्यूइन्फो हे पीसीचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, सेन्सर उघडा, आणि नुसत्या टेम्परेचरकडे बघत बसू नका, सोबत कोअर क्लॉक (स्पीड) आणि सीपीयू पॅकेज पॉवर (वॅट) या दोन ओळी बघा. सिनेबेंच या टेस्टच्या सॉफ्टवेअरमधली मल्टीकोअर टेस्ट 10 मिनिटं चालवा, पहिल्या मिनिटाचे आकडे धरू नका कारण कूलरचं धातू तापायला वेळ लागतो. खोलीचं टेम्परेचरही लिहून ठेवा, हे कोणीच करत नाही.

7700एक्सचा बेस क्लॉक, म्हणजे मूळ स्पीड, 4.5 गिगाहर्ट्झ आणि वॅटची वरची मर्यादा 142. माझा आता उन्हाळ्यात, खोली 38 असताना, 95 ला टेकतो पण 122 वॅट ओढतो आणि क्लॉक 4.95 च्या आसपास राहतो. म्हणजे ठणठणीत. पण पहिल्या महिन्यात तोच 95 होता आणि वॅट फक्त 70, क्लॉक 4.1, म्हणजे बेसच्याही खाली, तेही डिसेंबरात! ज्या दुकानात असेंबल केला तिथं फोन केला तर उत्तर काय, "एएमडी आहे, तापणारच." शेवटी मीच कूलर काढला, तर तळाची प्लॅस्टिकची पातळ फिल्म तशीच, तिच्यावरच पेस्ट फासलेली. फिल्म काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, नवी पेस्ट लावली, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले, झालं. टेम्परेचर मात्र 95 च, फक्त आता त्याच 95 मध्ये काम भरपूर होतंय. म्हणून म्हणतो वॅट बघा.

वॅट कमी दिसले पण पेस्ट ठीक वाटतेय तर कॅबिनेटचं साइड पॅनल काढून परत टेस्ट लावा. या चिपवर आकडा 95 वरून हलणार नाही कदाचित, पण वॅट वाढले तर समजा हवा अडतेय, पीसी टेबलाच्या कप्प्यात कोंबलाय किंवा कॅबिनेटच्या जाळीत धुळीचा नमदा झालाय. ब्लोअर मारताना फॅन बोटानं धरून ठेवा, भिरभिरू देऊ नका.

इंटेलवाल्यांचं थोडं वेगळं. 12 ते 14 व्या जनरेशनच्या डेस्कटॉपला मर्यादा 100 ची, आणि काही मदरबोर्ड पॉवर लिमिटच्या जागी चक्क 4096 वॅट लिहून मोकळे होतात. 13900के असेल तर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) 253 टाका, निम्मं दुखणं तिथंच जातं. 13-14 वाल्यांनी बायोस अपडेटही करून घ्या, ऑगस्ट 2024 पासून व्होल्टेजचा घोळ आवरणारे अपडेट आलेत. आणि एएमडीच्याच 7800एक्स3डी वाल्यांनो, तुमची मर्यादा 89 आहे, 95 नाही.

आता खोलीचं. यूट्यूबवाले एसीत 22-23 डिग्रीला टेस्ट करतात आणि आम्ही नागपुरात मे महिन्यात दुपारी. सीपीयूचा कूलर काही फ्रीज नाही, तो उष्णता फक्त खोलीच्या हवेत सोडतो, त्यामुळे खोली 15 डिग्रीनं गरम तर हिशोब तितकाच वर सरकतो. दुसरा कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा, तो लावला की खोली उतरते आणि पीसीलाही बरं वाटतं, पण पीसी त्याच्या झोतात ठेवू नका, पाण्याचे तुषार येतात.

एवढं करूनही 95 बघवत नसेल तर बायोसमध्ये 65 वॅटचा इको मोड लावा. नाव 65 चं, खरी मर्यादा 88 वॅट. माझं टेम्परेचर 79-80 वर आलं, 14 मिनिटांचा रेंडर साडेपंधरा मिनिटांवर गेला, फॅनचा आवाज जवळजवळ बंद. व्होल्टेज कमी करणारं कर्व्ह ऑप्टिमायझर हे सेटिंग पण आहे, पण ते ओव्हरक्लॉकिंगमध्ये मोडतं आणि जास्त उणे केलं की लोडवर नाही, रिकामा बसलेला असताना पीसी रीस्टार्ट होतो, मग शोधत बसा. मी सरळ एप्रिलमध्ये इको मोड लावतो आणि मृगाचा पाऊस पडला की काढतो.