एपीआयला बेस क्लास दिला, मग चाइल्ड क्लासची फील्ड्स कुठे जातात?

समजा पुण्याच्या पीएमपी बससेवेच्या बसपाससाठी एपीआय लिहिताय. पास हा बेस क्लास, त्यात नाव-पत्ता, त्याच्याखाली विद्यार्थी पास ज्यात कॉलेज, आणि ज्येष्ठ नागरिक पास ज्यात जन्मतारीख. अ‍ॅक्शनचा (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या मेथडचा) पॅरामीटर पास टाइपचा ठेवला, रिक्वेस्ट मारली, तर नाव-पत्ता येतो आणि कॉलेज गायब, एरर पण नाही. कारण एएसपी डॉट नेट कोअर (मायक्रोसॉफ्टचं वेब फ्रेमवर्क) पॅरामीटरवर जो टाइप लिहिलाय तेवढाच ऑब्जेक्ट बनवतं, तुमच्या मनात कुठला चाइल्ड होता ते त्याला कसं कळणार.

लगेच कस्टम मॉडेल बाइंडर (रिक्वेस्टमधला डेटा ऑब्जेक्टमध्ये भरणारा कोड) लिहायला बसू नका. आधी बघा डेटा येतोय कुठून. फॉर्म किंवा क्वेरी स्ट्रिंगमधून येत असेल तरच बाइंडर कामाचा. जेसन बॉडी असेल तर ती इनपुट फॉर्मॅटर वाचतो, बाइंडरला फॉर्म-क्वेरीतल्या व्हॅल्यू पुरवणाऱ्या व्हॅल्यू प्रोव्हायडरला ती दिसतच नाही, त्यामुळे बाइंडर कितीही भारी लिहा, हातात रिकामं येणार.

फॉर्मवालं प्रकरण असं: बेस क्लासमध्ये प्रकार नावाची एक प्रॉपर्टी ठेवा. मग आयमॉडेलबाइंडरप्रोव्हायडर लिहा, त्यात टाइप पास नसेल तर सरळ नल परत करा, असेल तर प्रत्येक चाइल्डचा मेटाडेटा (त्या क्लासच्या प्रॉपर्टीज वगैरेची माहिती) काढून क्रिएटबाइंडरने त्याचा बाइंडर बनवा आणि डिक्शनरीत टाका. बाइंडरमध्ये व्हॅल्यू प्रोव्हायडरकडून प्रकार वाचायचा, त्याप्रमाणे डिक्शनरीतला बाइंडर उचलायचा, चाइल्डच्या मेटाडेटावर नवीन बाइंडिंग कॉन्टेक्स्ट बनवून त्याला चालवायचं आणि त्याचा रिझल्ट आपल्या कॉन्टेक्स्टला द्यायचा. इथे बरेच जण थांबतात, पण व्हॅलिडेशनस्टेटमध्ये त्या मॉडेलसमोर चाइल्डचा मेटाडेटा पण ठेवा, म्हणजे कॉलेजवरचं रिक्वायर्ड वगैरे नीट तपासलं जाईल. प्रकार ओळखीचा नसेल तर नुसतं फेल्ड म्हणून सोडू नका, मॉडेलस्टेटमध्ये एरर स्वतः टाका, नाहीतर अ‍ॅक्शनमध्ये नल येऊन बसू शकतो. प्रोव्हायडर लिस्टमध्ये शून्य नंबरला इन्सर्ट करा, शेवटी अ‍ॅड केला तर आधीचेच कोणीतरी काम उरकून टाकतात.

जेसनवाल्यांची मजा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या डॉट नेट 7 पासून बेस क्लासवर जेसनडिराइव्ह्डटाइप अ‍ॅट्रिब्यूट लावायचं, प्रत्येक चाइल्डसाठी एक, सोबत विद्यार्थी, ज्येष्ठ असं नाव, झालं. डिस्क्रिमिनेटर, म्हणजे जेसनमध्ये कुठला चाइल्ड ते सांगणारी फील्ड, बाय डिफॉल्ट डॉलर-टाइप असतो, तो बदलायचा तर जेसनपॉलिमॉर्फिक लावा. पण डॉट नेट 7 आणि 8 मध्ये तो जेसनमध्ये सगळ्यात आधी यावा लागतो, फ्रंटएंडवाल्याने खाली टाकला की अडलं (आणि तो टाकणारच राव, त्याच्या दृष्टीने जेसनला ऑर्डर नसते). डॉट नेट 9 मध्ये अलाऊआउटऑफऑर्डरमेटाडेटाप्रॉपर्टीज ऑप्शन आला, तो चालू करा.

न्यूटनसॉफ्ट या दुसऱ्या जेसन लायब्ररीचं टाइपनेमहँडलिंग ऑन करून भागवायचा शॉर्टकट कोणी सुचवला तर ऐकू नका. त्यात कुठला क्लास बनवायचा हे समोरून आलेला जेसन ठरवतो, आणि असाच घुसून सर्व्हरवर कोड चालवता येतो.

टेस्टमध्ये चुकीचा प्रकार, प्रकारच नाही, आणि प्रकार शेवटी, या तिन्ही रिक्वेस्ट मारून बघा. बेस क्लास अ‍ॅबस्ट्रॅक्ट असेल तर जेसनमध्ये प्रकारच न पाठवल्यावर 400 (रिक्वेस्ट चुकीची) च्या ऐवजी 500 (सर्व्हर एरर) येऊ शकतो, तो पकडून नीट मेसेज द्या.