पीव्हीए-हायड्रॉक्सीअपटाइट हायड्रोजेल लॅबमध्ये कसं बनवायचं

पाणी शोषणारं आणि हाडाशी जमवून घेणारं जेल हवं असेल तर सुरुवातीला पीव्हीए (पॉलीव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) आणि हायड्रॉक्सीअपटाइट (हाडात असतं ते कॅल्शियम फॉस्फेट खनिज) ही जोडी बरी, कारण पॉलिमरच्या साखळ्या जोडायला ग्लुटाराल्डिहाइडसारखं विषारी केमिकल लागतच नाही, नुसतं गोठवायचं आणि वितळवायचं.

९८-९९ टक्के हायड्रोलाइज्ड (म्हणजे जवळजवळ सगळे ॲसिटेट गट काढलेलं) पीव्हीए घ्या, १०० मिली डिस्टिल्ड वॉटरला १० ग्रॅम. आधी गार पाण्यात भिजवा मग ९० डिग्रीला ढवळत ठेवा, थेट गरम पाण्यात टाकलं तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात आणि काही केल्या फुटत नाहीत.

खरी डोकेदुखी पावडरची! नॅनो हायड्रॉक्सीअपटाइट गोळा होऊन तळाशी बसतं, म्हणून १०० मिलीतलंच थोडं पाणी बाजूला काढून त्यात पावडर सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडने गोळे फोडा), मगच पीव्हीएच्या द्रावणात मिसळा. पीव्हीएच्या वजनाच्या ५-१० टक्के पुरे. जास्त फिलर (म्हणजे ही पावडर) म्हणजे जास्त मजबूत असं काही नसतं, फार घातलं की जेल ठिसूळ होतं आणि पाणीही कमी पितं.

बुडबुडे गेले की साच्यात ओता, उणे २० डिग्रीला रात्रभर, मग रूम टेम्परेचरला काही तास, असे ३ ते ५ सायकल. गोठताना पीव्हीएचे बारीक क्रिस्टल बनतात, तेच साखळ्यांना बांधून ठेवतात.

स्वेलिंग (जेल पाणी पिऊन किती फुगतं ते) मोजायला जेल वाळवून वजन करा, ३७ डिग्रीच्या पीबीएसमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं खारं बफर द्रावण) ठेवा, मधूनमधून काढून फिल्टर पेपरने वरचं पाणी टिपून परत वजन करा, आकडा स्थिर होईपर्यंत. फुगलेल्या वजनातून कोरडं वजा, भागिले कोरडं, गुणिले १००. किमान ३ सॅम्पल ठेवा.

पेशींवर ट्राय करायचं असेल तर आधी स्टरलाइज करा, आणि टेस्टसाठी आयएसओ १०९९३ (वैद्यकीय साधनं शरीराला चालतात का ते तपासायचं मानक) बघा.