छंदातून कमवायला लागताय? मग या चुका टाळा

"एवढं सुंदर करतेस, मग विकत का नाहीस गं?" हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी फोटोवरून पेन्सिलची पोर्ट्रेट्स काढते, आधी नुसती हौस होती, मग ओळखीतल्यांनी मागितली म्हणून, आणि आता गेली काही वर्षं रीतसर पैसे घेऊन. सुरुवातीचं दीड वर्ष ऑर्डरी भरपूर येत होत्या, कौतुकही व्हायचं, आणि महिनाअखेरीला बघावं तर हातात काही उरलेलं नसायचं. चित्रं तीच, कागद तोच, माणसंही चांगली, मग पैसे जातायत कुठे हेच कळेना.

स्वतःचे तास फुकट धरणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात असं माझं मत आहे. छंद म्हणून करताना आपण तास मोजत नाही, मोजायचेही नसतात, पण पैसे घ्यायला लागलो तरी ती सवय जात नाही. मी किंमत सांगायचे म्हणजे कागद, पेन्सिली, फ्रेम यांचा खर्च काढायचे आणि वर "थोडेसे" लावायचे. मग एकदा कंटाळून एका A3 चित्राचे तास लिहून काढले. प्रत्यक्ष चित्र काढायला ९ तास, आणि फोटो निवडण्यावरून झालेलं बोलणं, मधे मधे पाठवलेले फोटो, दुरुस्त्या, फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) मारून वाळवणं, पॅकिंग, कुरिअर या सगळ्याला मिळून अजून ५. म्हणजे १४ तासांचं काम होतं आणि मी एकाही तासाचे पैसे धरले नव्हते!

तर निदान पाच ऑर्डरींचे तास लिहून काढा, अगदी मेसेजला उत्तर दिलेलं सुद्धा. मग किंमत अशी बसवायची: सामान, अधिक तास गुणिले तुमचा तासाचा दर, अधिक बाकीच्या खर्चाचा वाटा (अवजारांची झीज, इंटरनेट, पॅकिंग, ज्या साईटवर विकता तिचं कमिशन, पेमेंटची फी, टॅक्स), आणि त्यावर थोडा नफा, कारण एखादं काम वाया जातंच.

तासाचा दर ठरवताना अजून एक फसगत होते. समजा आठवड्याला ४० तास काम करता, तर ते सगळे ४० काही विकले जात नाहीत. माझे जेमतेम २२ तास बोर्डासमोर जातात, बाकीचे हिशोब, फोटो, पोस्ट टाकणं आणि चौकशांना उत्तरं देण्यात. म्हणजे ४० तासांची कमाई २२ तासांतून निघायला हवी, त्यामुळे नोकरीतला तासाचा दर जर इथे लावायचा असेल तर तो साधारण १.८ पट करावा लागतो. हा आकडा पहिल्यांदा बघून मला अक्षरशः धडकी भरली होती, कोण देणार एवढे? पण देणारे निघाले, थोडे कमी निघाले, आणि कमी कामात तेवढेच पैसे येऊन हाताला विश्रांती मिळायला लागली.

"कितीला?" विचारून लोक गायब होतात

यावर लगेच किंमत उतरवू नका. आधी बघा की किंमत मुळात कुठे लिहिलीय का, कारण बऱ्याच जणांना विचारायचाच संकोच वाटतो आणि मग अंदाज चुकला की ते गप्प बसतात. "एवढ्यापासून पुढे" असं स्पष्ट लिहिलं की निम्म्या चौकशा कमी होतात, पण उरतात त्या खऱ्या असतात. आणि कुणाला खरंच परवडत नसेल तर किंमत कमी करताना काम पण कमी करा. लहान साईज, एकच चेहरा, मागची पार्श्वभूमी नाही. तेच काम कमी पैशात दिलं की पुढच्या वेळी तोच तुमचा दर होऊन बसतो, आणि तो ग्राहक ज्यांना सांगतो त्यांच्यासाठी पण.

घरातल्या माणसांचं अवघड असतं हे मान्य. "ताई, तू तर हौसेनेच करतेस ना" म्हटल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. मी आता सरळ ठरवलंय, जवळच्यांना द्यायचं तर पूर्ण भेट म्हणून द्यायचं, आनंदाने, वर्षाला मोजून तीन. अर्धवट सवलतीत दोघंही नाराज राहतात.

तोंडी ठरवणं

एकदा चार चेहऱ्यांचं कौटुंबिक चित्र घेतलं होतं. आगाऊ रक्कम घेतली नाही, काही लिहून ठरवलं नाही, "तुम्ही काढा हो, तुमच्यावर विश्वास आहे" एवढ्यावर सुरू केलं. चित्र झाल्यावर एका चेहऱ्याचं नाक बदला, मग केस बदला, मग म्हणे पाचवा माणूस मावेल का कडेला. पेन्सिलच्या कागदाला खरखरीतपणा असतो ना, तो ठरावीक वेळाच खोडरबर सहन करतो, नंतर कागद गुळगुळीत होतो आणि ग्रॅफाइट धरतच नाही. तीन आठवडे गेले, कागद गेला, आणि शेवटी समोरून उत्तरं येणं बंद झालं. मला राग त्यांच्यापेक्षा या गोष्टीचा आला की त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं की दुरुस्ती कुठल्या टप्प्यावर चालते, आणि ते सांगायचं काम माझं होतं.

मोठा करारनामा लागत नाही, एका मेसेजमध्ये एवढं हवं: काय काढणार, साईज, कधी देणार, कच्चं स्केच कधी दाखवणार, किती वेळा बदल करून देणार, त्यापुढच्या बदलाचे किती, आगाऊ किती, ऑर्डर रद्द झाली तर आगाऊ पैशांचं काय. समोरच्याने "हो, चालेल" असं लिहून पाठवल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. मी निम्मे आधी घेते आणि स्केचवर दोन बदल फुकट, शेडिंग सुरू झालं की चेहऱ्यात बदल नाही. गाणं शिकवणारे, फोटो काढणारे, विणकाम करणारे, सगळ्यांना हे थोड्या फरकाने लागू आहे, तुमच्या कामात "आता मागे फिरता येत नाही" हा टप्पा कुठला ते आधी शोधा.

नेटवर आहे म्हणजे फुकट आहे असं धरणं

बर्न करार, म्हणजे कॉपीराइटचा (आपण केलेल्या कामावरच्या हक्काचा) आंतरराष्ट्रीय करार, १८८६ चा आहे, आणि जगातले बहुतेक देश आज त्यात आहेत. त्याप्रमाणे काम तयार झाल्या क्षणी कॉपीराइट लागतो, नोंदणी लागत नाही, ते गोल सी चं चिन्ह पण लागत नाही. म्हणून कुणाच्याही पेजवरचा फोटो घेऊन त्याचं चित्र विकणं धोक्याचं. ग्राहकाने दिलेला फोटो सुद्धा त्याचा असेलच असं नाही, तो व्यावसायिक फोटोग्राफरने काढलेला असू शकतो, तेव्हा विचारून घ्या. तेच फॉन्ट, विणकामाचे पॅटर्न आणि डिजिटल ब्रशचं, "फक्त वैयक्तिक वापरासाठी" असं लिहिलेलं असेल तर त्यातून बनवलेली वस्तू विकता येईल असं गृहीत धरू नका.

उलट्या बाजूनेही बघा. तुमचं चित्र विकलं म्हणजे बहुतेक ठिकाणी तो एक कागद विकला, त्याच्या प्रती छापायचा हक्क आपोआप जात नाही. पण ऑर्डर देऊन काढून घेतलेल्या पोर्ट्रेटचा हक्क काही देशांच्या कायद्यात थेट ऑर्डर देणाऱ्याकडे जातो, म्हणून तुमच्याकडचा नियम बघा आणि मेसेजमध्ये एक ओळ टाका. आणि कुणी कंपनी "सर्व हक्क कायमचे" असं लिहून पाठवत असेल तर थांबून वाचा. वापरायची परवानगी देणं वेगळं आणि हक्कच देऊन टाकणं वेगळं, दोन्हीची किंमत एक कशी असेल?

प्रिंट विकणाऱ्यांसाठी पटकन: स्क्रीनवर चांगलं दिसतं म्हणून फाईल पाठवू नका. A4 साठी ३०० डीपीआयला (एका इंचात छापले जाणारे ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, आणि स्क्रीनवरचे झगझगीत निळे हिरवे रंग छपाईत मंद होतात, एक नमुना छापून बघाच.

सगळंच विकायला काढणं

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्र काढायची आवड असलेल्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांची आवड मात्र तशीच राहिली. मोठ्या माणसाच्या धंद्याला हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही, पण पोर्ट्रेट्स सुरू झाल्यावर वर्षभरात माझा पेन्सिलीला हात लावायचा उत्साह गेला होता, हे खरं. मग मी शाईने झाडं काढायला लागले, ती विकत नाही, ऑनलाइन टाकत पण नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. तुमचाही उत्साह आटत असेल तर आधी हे तपासा की छंदाचा एखादा तुकडा फक्त तुमचा उरलाय का.

याच्याच जवळची अजून एक गोष्ट, पोर्टफोलिओत जे टाकाल तेच मागायला लोक येतात. मी एकदा एक घोडा टाकला, छान जमला होता म्हणून, आणि मग चार महिने घोडेच घोडे. आयाळ काढायचा मला भयंकर कंटाळा येतो. नको असलेलं काम कितीही चांगलं जमलं असलं तरी दाखवू नका.

काम अर्ध्यावर आलं आणि ग्राहक बोलतच नाही

हे होणारच. मी एकच नम्र मेसेज पाठवते, "अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर मी पुढची ऑर्डर हातात घेईन, नंतर तुमचं काम परत सुरू करायला रांगेत थांबावं लागेल." बऱ्याचदा तेवढ्यावर उत्तर येतं, कुणी आजारी असतं, कुणी विसरलेलं असतं. दाखवण्यासाठी फक्त लहान साईजचा, वर नाव टाकलेला फोटो पाठवायचा, आणि उरलेले पैसे येईपर्यंत मूळ चित्र किंवा मोठी फाईल हातातून सोडायची नाही, समोरचा कितीही घाईत असला तरी.